चूक दिसली, पण चूक कोणाची?



गेल्या उन्हाळ्यात एके रात्री साडेदहाच्या सुमारास खामगावहून पुतण्याचा फोन आला. आवाजात घाई आणि थोडा संताप होता. "काका, दुकानाच्या लॅपटॉपमध्ये परवा नवी रॅम बसवून घेतली. तेव्हापासून दिवसातून दोनदा पडदा निळा होतो आणि मशीन बंद पडते. आत्ता चाचणी लावली, तर चौदा चुका दाखवतेय. दुकानदाराने सरळ खराब माल दिला. उद्या सकाळीच जाऊन ती पट्टी त्याच्या टेबलावर ठेवतो."

मी त्याला एवढेच म्हटले, "ठेव, पण परवा. उद्या मी येतो. तोवर त्या मशीनवर हिशेबाची एकही नोंद करू नकोस, आणि चाचणी रात्रभर चालू दे."

हा सल्ला काहींना विचित्र वाटेल. ज्या यंत्रात चूक सापडली, त्याला रात्रभर तीच परीक्षा पुन्हा पुन्हा द्यायला का लावायची? याचे उत्तर हाच आजच्या लेखाचा विषय आहे. जुन्या लॅपटॉपची रॅम वाढवून घेण्याचे प्रमाण घरोघरी वाढले आहे. चार-पाच वर्षांचे मशीन मंदावले, की नवे घेण्याऐवजी थोड्या खर्चात त्याला तरतरी आणता येते. हा विचार योग्य आणि काटकसरीचा आहे. परंतु रॅम बदलल्यानंतर चाचणी करणारे थोडे, आणि चाचणीचा निकाल नीट वाचणारे त्याहून थोडे.

प्रथम रॅम म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. आपण जी फाइल उघडतो, जी नोंद टंकतो, ती कायमच्या साठवणीत जाण्यापूर्वी रॅममध्ये असते. आज वापरात असलेल्या रॅमची मूळ कल्पना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचली आणि १९६८ मध्ये तिचे पेटंट त्यांना मिळाले. एक सूक्ष्म कळ आणि विद्युतभार धरून ठेवणारी एक सूक्ष्म कुपी, एवढीच तिची घडण. कुपी भरलेली असेल तर एक, रिकामी असेल तर शून्य. ही कुपी झिरपते. म्हणून तिच्यातील भार साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरून घ्यावा लागतो. आठ जीबीच्या एका पट्टीत अशा कुप्या ६,८०० कोटींहून अधिक असतात. त्यांतील एक जरी नादुरुस्त झाली, तरी यंत्र तसे सांगत नाही. शून्य ठेवले होते तिथून एक परत मिळतो आणि काम पुढे चालू राहते.

मोठ्या सर्व्हरमध्ये यावर उपाय असतो. तिथे प्रत्येक ६४ बिटांमागे आठ बिटे पडताळ्यासाठी राखलेली असतात आणि एका बिटाची चूक जागच्या जागी दुरुस्त होते. आपल्या सामान्य लॅपटॉपमध्ये ही सोय नसते. नव्या डीडीआर-५ जातीच्या रॅममध्ये चिपच्या आत काही दुरुस्ती होते. पण चिप आणि प्रोसेसर यांच्यामधल्या वाटेवर झालेली चूक तिच्या कक्षेत येत नाही. म्हणून चाचणीला पर्याय नाही.

चाचणीचे दोन मार्ग सर्वांना उपलब्ध आहेत. विंडोजमध्येच 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' नावाचे साधन असते. संगणक पुन्हा सुरू होताना ते चालते आणि दोष आढळला की नाही, एवढे सांगते. त्याहून कसून परीक्षा घ्यायची असेल, तर मेमटेस्ट-८६ किंवा मेमटेस्ट-८६ प्लस हे प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून चालवावेत. ते विंडोज सुरू होण्यापूर्वीच कामाला लागतात, त्यामुळे जवळजवळ सगळी रॅम त्यांना तपासता येते. काही लॅपटॉपांत त्यासाठी 'सिक्युअर बूट' तात्पुरते बंद करावे लागते. तसे करण्यापूर्वी विंडोजच्या कुलूपबंद साठवणीची रिकव्हरी की लिहून ठेवावी. अन्यथा मशीन पुन्हा उघडताना ती मागितली जाते आणि ऐनवेळी सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी बोथ्याचा घाट उतरून मी खामगावला पोहोचलो, तेव्हा पुतण्या अधिकच काळजीत होता. रात्री चौदा असलेल्या चुका सकाळपर्यंत छप्पन्न झाल्या होत्या. "काका, रोग पसरतोय," तो म्हणाला.

रोग पसरलेला नव्हता. चार फेऱ्या पूर्ण झाल्या होत्या आणि चौदा चोक छप्पन्न. प्रत्येक फेरीत चाचणी त्याच जागेवरून पुन्हा गेली आणि त्याच चुका तिने पुन्हा मोजल्या. निकाल वाचताना होणारा पहिला गैरसमज हाच असतो. पडद्यावरचा आकडा दोषांचा नसतो, दोष भेटल्याच्या प्रसंगांचा असतो. रस्त्यावर एकच खड्डा असेल आणि गाडी त्यावरून छप्पन्न वेळा गेली, तर छप्पन्न धक्के बसतील. खड्डा मात्र एकच. म्हणून आकड्यापेक्षा जागा पाहावी. आमच्या निकालात सगळ्या चुका जवळजवळच्या मोजक्या पत्त्यांवर होत्या.

त्यानंतर दोन स्तंभ पाहावेत: काय अपेक्षित होते आणि काय आढळले. आमच्याकडे अपेक्षित होते ००००००००, आणि आढळले ००००००१०. ही मोजणी सोळाच्या पटीत होत असल्याने या दोन ओळींतील बत्तीस बिटांपैकी नेमके एक बिट बदललेले आहे, आणि प्रत्येक चुकीत तेच बिट बदललेले होते. ते बिट एकावर अडकलेले होते. त्यात एक ठेवा, एकच मिळेल आणि सारे ठीक वाटेल. शून्य ठेवा, तरीही एकच मिळेल. अडकून राहिलेले दिव्याचे बटण रात्री कोणाच्या ध्यानात येत नाही. दिवसा दिवा विझवू गेल्यावर खोड कळते. त्यामुळेच चाचणी एकदा सगळीकडे शून्ये भरते, एकदा एक भरते, मग उलटसुलट नक्षी भरून पाहते. एका फेरीत काही सापडले नाही म्हणून समाधान मानू नये, ते याचसाठी. किमान चार फेऱ्या, शक्यतो रात्रभर, असा नियम ठेवावा.

आता निकालाची ढोबळ भाषा सांगतो. चुका नेहमी त्याच पत्त्याच्या आसपास आणि त्याच बिटात येत असतील, तर एखादी कुपी किंवा चिप नादुरुस्त असण्याची शक्यता मोठी. चुका हजारोंनी, सगळीकडे विखुरलेल्या आणि अगदी पहिल्या मिनिटापासून येत असतील, तर पट्टी खाचेत नीट बसली नसेल, संपर्काच्या सोनेरी पट्टीवर धूळ असेल, किंवा दोन पट्ट्या एकमेकींशी जुळत नसतील. चुका तासाभराने, मशीन तापल्यावरच येत असतील, तर उष्णतेचा विचार करावा. कारण तापमान वाढले की कुपी लवकर झिरपते. आपल्याकडे वैशाखात दुपारी बंद खोलीत लॅपटॉप गादीवर ठेवून काम होते, तेव्हा त्याच्या पोटातील हवेचा मार्गच अडतो. अशा वेळी थंड खोलीत, टणक टेबलावर चाचणी पुन्हा करून फरक पाहावा. मेमटेस्ट-८६ च्या शेवटी एक 'हॅमर' चाचणी असते. ती शेजारच्या ओळींवर अतिशय वेगाने घाव घालून मधली ओळ डळमळते का ते पाहते. केवळ तिच्यातच चूक आली, तर रोजच्या कामात तसा ताण क्वचितच पडतो, हे लक्षात ठेवावे. तरीही पट्टी हमीच्या मुदतीत असल्यास बदलून घेणेच बरे.

"एखादी चूक तर आकाशातूनही येते म्हणे?" पुतण्याने विचारले. ते खरे आहे. १९७८ मध्ये इंटेलमधील टिमोथी मे आणि मरे वूड्स यांनी दाखवून दिले, की चिपच्या वेष्टनात अंशमात्र असलेल्या किरणोत्सारी द्रव्यातून निघणारे अल्फा कण बिट उलटवू शकतात. पुढे विश्वकिरणांमुळे वातावरणात तयार होणारे न्यूट्रॉन हेही करतात, हे कळले. २००३ मध्ये बेल्जियममधील स्कारबेक येथील निवडणुकीत एका उमेदवाराला यंत्राने ४,०९६ मते जास्त दाखवली. मिळू शकणाऱ्या मतांहून ती अधिक होती, म्हणून शंका आली. ४,०९६ ही संख्या म्हणजे दोनाचा बारावा घात, अर्थात एकाच बिटाची किंमत. तपासात सदोष प्रोग्राम सापडला नाही आणि एक बिट आपोआप उलटले असावे, असा निष्कर्ष निघाला.

आपल्या जिल्ह्यात लोणार आहे. आकाशातून काय येऊ शकते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण आकाशातला घाव एकाच ठिकाणी रोज बसत नाही. एकदा दिसून पुन्हा कधीच न आलेली चूक आकाशाच्या नावे लिहिता येईल. चार फेऱ्यांत चारदा त्याच घरात आलेली चूक घरचीच असते. हा वेगळेपणा कळावा, म्हणून चाचणी रात्रभर चालू ठेवायची होती. २००९ मध्ये गूगलच्या असंख्य सर्व्हरचा अनेक महिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दर वर्षी आठ टक्क्यांहून अधिक रॅम-पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या, आणि त्यांत आकस्मिक चुकांपेक्षा कायमच्या दोषांचा वाटा मोठा असल्याचे दिसले. तेव्हा चूक दिसली की आधी आकाशाकडे पाहू नये.

"म्हणजे पट्टी खराब हे नक्की. मग नवी परत करतो," पुतण्या उठलाच.

मी विचारले, "नवीच कशावरून?"

इथे खामगावच्या माणसाला खामगावचाच दाखला द्यावा लागला. आपल्या गावची चांदी देशभर नावाजलेली आहे. दोन चिपा समोर आल्या आणि एकीत हीण असल्याचा संशय आला, तर सराफ काय करतो? दोन्हींचा कस वेगवेगळा पाहतो. दोन्ही एका मुशीत वितळवून नंतर कस लावला, तर हीण आहे एवढे कळेल. कोणाच्या चिपेत होते, ते कायमचे बुडेल. लॅपटॉपमध्ये दोन पट्ट्या एकत्र बसवून केलेली चाचणी म्हणजे एका मुशीतली चांदी होय. दोन पट्ट्या असल्या की यंत्र वेग वाढवण्यासाठी पत्ते दोघींत आलटून पालटून वाटते. त्यामुळे पडद्यावर दिसणाऱ्या पत्त्यावरून सामान्य वापरकर्त्याला पट्टी ओळखता येत नाही.

म्हणून पद्धत अशी ठेवावी. मशीन पूर्ण बंद करावे, चार्जर काढावा, मागचे झाकण उघडल्यावर बॅटरीची जोडणी सोडवावी. हात आधी एखाद्या धातूच्या मोठ्या वस्तूला लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. पट्टी कडांना धरावी, सोनेरी भागाला बोट लावू नये. बाजारात सोनेरी संपर्क खोडरबराने घासण्याची रीत आहे. तसे केलेच तर अगदी हलक्या हाताने, आणि रबराचा एकही कण खाचेत पडू न देता. मग एकच पट्टी पहिल्या खाचेत बसवून पूर्ण चाचणी. नंतर तीच पट्टी दुसऱ्या खाचेत. त्यानंतर दुसरी पट्टी त्याच क्रमाने.

यातून चार प्रकारचे निकाल संभवतात. एक पट्टी दोन्ही खाचांत चुकते आणि दुसरी दोन्हींत निर्दोष ठरते: दोष पहिल्या पट्टीचा. दोन्ही पट्ट्या एकाच खाचेत चुकतात: दोष खाचेचा किंवा मदरबोर्डचा, पट्टी बदलून उपयोग नाही. एकेकट्या दोन्ही निर्दोष, पण एकत्र आल्या की चुका: दोघी सज्जन, जोडी जमत नाही. अशा वेळी बायोस अद्ययावत करावा, वेग वाढवण्याची काही मांडणी केली असल्यास ती काढावी, आणि तरीही न जमल्यास एकाच उत्पादकाची जुळी जोडी घ्यावी. चौथा प्रकार म्हणजे पट्टी काढून पुन्हा बसवल्यावर चुकाच नाहीशा होतात: आधी ती नीट बसली नव्हती. तरीही एक रात्र चाचणी करूनच विश्वास ठेवावा. काही लॅपटॉपांत एक रॅम मदरबोर्डवरच जडवलेली असते, ती काढता येत नाही. तिथे जोडलेली पट्टी काढून केवळ जडवलेल्या रॅमची चाचणी करणे एवढेच हाती राहते.

आम्ही हे सारे केले. एकूण दोन दिवस आणि दोन रात्री गेल्या. दुकानाचे काम तोवर वहीवर चालले. नवी पट्टी दोन्ही खाचांत निर्दोष ठरली. दोन्ही खाचांत तेच बिट अडकलेली निघाली ती जुनी पट्टी. चार वर्षे लॅपटॉपमध्ये असलेली, जिच्यावर कोणाचा संशयही नव्हता, ती.

मग निळा पडदा नवी पट्टी आल्यावरच का दिसू लागला? त्याआधी नादुरुस्त घरात बहुधा कमी महत्त्वाची माहिती पडत असावी. नवी पट्टी येताच पत्त्यांची वाटणी बदलली आणि त्या घरात यंत्राला स्वतःला चालण्यासाठी लागणारे काही येऊन पडू लागले. दोष जुना होता. पाहुणी आली म्हणून तो उघडा पडला.

पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने हळूच सांगितले, की दोन महिन्यांपूर्वी हिशेबाच्या बॅकअपच्या दोन फाइली उघडल्याच नव्हत्या. फाइल भ्रष्ट असल्याचा संदेश येत होता. बावीस वर्षे पेढीवर असलेल्या मुनीमजींनी निष्काळजीपणे पेन ड्राइव्ह ओढून काढला असणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. मुनीमजी "मी नीट काढला होता" एवढेच म्हणाले आणि गप्प बसले. तेव्हापासून बॅकअपचे काम त्यांच्याकडून काढून घेतले होते.

बॅकअप घेताना प्रत्येक फाइल रॅममधून जाते. तिथेच एक बिट उलटले, तर उलटलेली फाइलच निमूटपणे साठवली जाते. दाबून साठवलेल्या फाइलीचा पडताळा उघडताना जमत नाही आणि मगच कळते. त्या दोन फाइली याच पट्टीने बिघडवल्या, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मुनीमजींनी बिघडवल्या असे म्हणायला आता काहीच आधार उरला नव्हता.

पुतण्याने त्या संध्याकाळी दोन कामे केली. दुकानदाराकडे जाऊन नवी पट्टी परत केली नाही; तिच्याच जोडीची दुसरी घेतली. आदल्या दिवशी फोनवर बोललेल्या शब्दांबद्दल त्याने दिलगिरीही व्यक्त केली. दुकानदार हसून म्हणाला, "आधी एकेक लावून पाहा, असं मी सांगणारच होतो भाऊ, तुम्ही ऐकायच्या आधीच फोन ठेवला." दुसरे काम घरी झाले. बॅकअपची चावी मुनीमजींच्या हाती परत देताना पुतण्या त्यांच्या पाया पडला. मुनीमजी फक्त म्हणाले, "बाळ, आता दोन प्रती घेत जाऊ. आणि दर शनिवारी दुसऱ्या संगणकावर उघडून पाहत जाऊ."

या अनुभवातून वाचकांनी पुढील गोष्टी पदरात घ्याव्यात. रॅम वाढवण्यापूर्वी जुन्या रॅमची एक रात्र चाचणी करावी. म्हणजे नवीवर आळ येणार नाही. नवी बसवल्यावर पुन्हा करावी. एक जरी चूक पुन्हा पुन्हा आली, तरी त्या मशीनवर हिशेब, छायाचित्रे किंवा कागदपत्रे हाताळू नयेत; "एवढ्या कोटींत एकच तर आहे" हा हिशेब इथे चालत नाही. निकालाच्या पडद्याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे आणि पावती जपून ठेवावी, कारण अनेक उत्पादक रॅमवर दीर्घ मुदतीची हमी देतात. दोष सापडल्यावर जुने बॅकअप घाईने पुसून नवे घेऊ नयेत. संशयित काळातील फाइली निर्दोष मशीनवर उघडून पाहाव्यात आणि त्याआधीची प्रत हाताशी ठेवावी.

आणि सर्वांत शेवटी: चाचणी सांगते, की चूक आहे. ती कोणाची, हे चाचणी सांगत नाही. ते एकेकाला वेगळे करून, धीराने, आपणच शोधायचे असते. नव्याला दोष देणे सोपे, जुन्याला निर्दोष मानणे त्याहून सोपे, आणि गप्प बसणाऱ्याला दोषी ठरवणे सर्वांत सोपे. आमच्या घरी या तिन्ही चुका एकाच लॅपटॉपपायी झाल्या. तुमच्या घरी होऊ नयेत, म्हणून हे लिहिले.

पुढील अंकात बॅकअपच्या दोन प्रती कुठे आणि कशा ठेवाव्यात, याविषयी.